घरच्या जलशोधकाची गळती

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील तीर्थपुरी हें गांव गोदावरीच्या खोऱ्यांत, काळ्या पाषाणाच्या भूमीवर वसलेलें आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें याच तालुक्यांतलें. या पाषाणांतून झिरपून विहिरींत व कूपनलिकांत उतरणारें पाणी चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेऊन येतें. डाळ लवकर न शिजणें, साबणास फेस न येणें, हीं त्याचीं घरगुती लक्षणें होत. अशा पाण्याच्या प्रदेशांत आरओ जलशोधक स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिसूं लागला, यांत नवल नाहीं.

या यंत्राचें मर्म एका पातळ पडद्यांत आहे. सिडनी लोब व श्रीनिवास सौरीराजन या दोघां संशोधकांनीं अमेरिकेंत १९६०च्या सुमारास तो व्यवहारोपयोगी केला. पाणी दाबाखालीं या पडद्यावर ढकललें म्हणजे शुद्ध अंश पलीकडे जातो आणि क्षार अलीकडे राहून सांडपाण्याबरोबर निघून जातात. हा दाब लहानसा विजेचा पंप निर्माण करतो, व तो वातावरणाच्या दाबाच्या चार-पांच पट असूं शकतो. पंप चालू असतांना पंपापलीकडील, पडद्याच्या बाजूच्या पाव इंच जाडीच्या प्लॅस्टिकच्या नळीच्या सांध्यांवर हा भार येत असतो. सांधा गळूं लागला, तर दोष बहुधा त्याच्या बसविण्यांत असतो. यंत्र बिचारें निरपराध असतें.

सेकंदास एक थेंब ही गळती क्षुल्लक भासते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाकाठीं चार लिटरांहून अधिक पाणी जातें. आणि सांधा शुद्ध पाण्याच्या बाजूचा असेल, तर त्या प्रत्येक लिटरापायीं आधींच दोन-तीन लिटर सांडलेलें असतें. २०१६ सालीं लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें, त्या मराठवाड्यांत हा हिशेब लहान नव्हे. शिवाय गळणारें पाणी विजेच्या जोडणीपर्यंत पोंचलें म्हणजे प्रश्न निव्वळ पाण्याचा राहत नाहीं.

गळती शोधतांना पहिली फसगत अशी होते कीं, पाणी नळीवरून ओघळत सर्वांत खालच्या जागीं टपकतें, व दोष तेथेंच आहे असें वाटतें. म्हणून सर्व नळ्या कोरड्या पुसून प्रत्येक सांध्याखालीं कोऱ्या कागदाची पट्टी धरावी. सर्वांत वर जी पट्टी भिजेल, तोच सांधा दोषी. जुन्या गळतीच्या जागीं वाळलेल्या क्षाराचा पांढरा थरही साक्ष देतो. पंपाचें वर्तनही बोलकें असतें. पंप बंद असतांनाही थेंब पडत असेल, तर गळती बहुधा गच्चीवरच्या टाकीकडून येणाऱ्या, पंपाअलीकडील नळींत असते. पंप सुरू होतांच पाणी झिरपत असेल, तर ती पंपापलीकडे, पडद्याच्या बाजूस शोधावी.

दुरुस्तीपूर्वीं वीज तोडावी, पाण्याचा कॉक बंद करावा आणि शोधकाची तोटी उघडून आंतला दाब उतरूं द्यावा. आजच्या सांध्यांत नळी नुसती आंत ढकलतात. सांध्याच्या तोंडाशीं दांतेरी कडें असतें, तें नळी धरून ठेवतें. त्यामागें रबरी ओ-रिंग असते, ती पाणी अडविते. क्लिप काढून, तोंडाचें कडें अंगठ्यानें आंत दाबून धरलें कीं नळी सहज बाहेर येते. कडें न दाबतां ओढणाऱ्याच्या हातीं दांतांनीं ओरखडलेली नळी येते, आणि त्या ओरखड्यांतूनच पुढें पाणी वाट काढतें. अशा वेळीं नळीचें टोंक अर्धा इंच छाटून टाकावें. मात्र धारदार पात्यानें व अगदीं काटकोनांत. कात्रीनें कापलें तर नळी चपटते, आणि चपटी नळी गोल रिंगेंत नीट बसत नाहीं.

नळी घालतांना दोन अडथळे जाणवतात. पहिला ओ-रिंगचा, येथेंच थांबणारे पुष्कळ. थोडा जोर लावून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत गेलें पाहिजे. मग नळी हलकेच ओढून पाहावी व क्लिप लावावी. सांध्याजवळच नळी वांकडी वळविली, तर रिंग एका अंगास चेपते व दुसऱ्या अंगानें पाणी निसटतें.

पेचाच्या सांध्यांस टेफलॉनची फीत लागते. ती पेच आवळतांना फिरतो त्याच दिशेनें, सात-आठ वेढे गुंडाळावी. तोटी हातानें घट्ट करून वर थोडाच पिळा द्यावा. पान्यानें बळ लावणारे प्लॅस्टिक फोडून बसतात. पडद्याच्या डबीचें झांकण मात्र रिंगेनेंच बंद होतें, तेथें फीत नको. रिंग सुकी वाटली तर सिलिकॉनचें वंगण पुरें. साधें तेल वा व्हॅसलीन कित्येक रबरांस फुगवितें.

नंतर पाणी व वीज सुरू करून पाव तास कोऱ्या पट्ट्यांवर नजर ठेवावी. तरीही सांधा ओला दिसला, तर त्याची रिंग कडक झाली असेल किंवा अंगास बारीक तडा गेला असेल. त्यावर लांबी चोपडून दिवस ढकलण्यापेक्षां सांधाच नवा बसवावा.