अक्षरांचे वय

ऐतिहासिक नाटक किंवा चित्रपट पाहावयास गेलेला आपला प्रेक्षक मोठा चोखंदळ असतो. पेशव्यांच्या पगडीचा घाट चुकला, शनिवारवाड्याच्या दृश्यात विजेची तार डोकावली, किंवा नऊवारी नेसलेल्या नायिकेच्या मनगटावर घड्याळ राहून गेले, की दुसऱ्या दिवशी घरोघर त्याची चर्चा होते. परंतु नायकाच्या हातातील पत्र, चावडीच्या भिंतीवर चिकटविलेला जाहीरनामा, मेजावर पडलेले वर्तमानपत्र यांच्या अक्षरांकडे मात्र सहसा कोणी निरखून पाहात नाही. वस्त्राला जसा काळ असतो तसा अक्षराच्या वळणालाही असतो. त्या काळाचा थोडा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

अक्षराच्या वयाची साक्ष न्यायालयापर्यंत कशी पोहोचते, याचे उदाहरण फार जुने नाही. २०१७ साली पाकिस्तानच्या तत्कालीन पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या मालमत्तेची चौकशी चालू असता, त्यांच्या कन्येच्या वतीने सादर झालेल्या काही कागदांवर फेब्रुवारी २००६ मधील तारीख आढळली. अक्षरे मात्र ‘कॅलिब्री’ नावाच्या वळणाची होती, आणि हे वळण सर्वसाधारण जनतेच्या हाती जानेवारी २००७ च्या अखेरीस आले. चाचणीच्या प्रती त्यापूर्वीही मिळत होत्या, असे उत्तर बचाव पक्षाने दिले. पुढे २०२२ साली कन्येची शिक्षाही रद्द झाली. त्या वादाचा निवाडा करणे हा आमचा विषय नव्हे. अक्षराचे वळण पाहून ‘हा कागद त्या दिवशी अस्तित्वात असू शकत होता काय?’ असा प्रश्न विचारता येतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

हाच प्रश्न रंगभूमीला विचारून पाहावा. आज संगणकावर हटकून सापडणारे ‘टाइम्स न्यू रोमन’ हे इंग्रजी वळण लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राने ३ ऑक्टोबर १९३२ रोजी प्रथम वापरले. तेव्हा १८९७ च्या प्लेगच्या दिवसांतील सरकारी हुकूम त्या अक्षरांत छापून दाखविणे म्हणजे रँडसाहेबाला मोटारीतून गणेशखिंडीत आणण्यासारखेच होय.

मराठीच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. पेशवाईच्या दप्तरातील पत्रव्यवहार मोडीत चाले. लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी व मग बोरूने तिच्याखाली अक्षरे सोडीत जाई. अशा काळातील खलिता सुबक, सुट्या बाळबोध अक्षरांत दाखविला, तर वाचणाऱ्याची सोय होते खरी. पण कारकुनाचा हात, त्याची घाई आणि त्याची तालीम ही सारी त्या कागदावरून पुसली जातात. छापील ग्रंथाची गोष्टही अशीच. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपुरास मराठीचे व्याकरण नागरी खिळ्यांत छापिले आणि १८१० चा त्याचा कोश मोडी खिळ्यांत निघाला. परंतु हे सारे बंगालकडे. मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापाचे पंचांग काढिले. शाईत चरबी असते या शंकेने सनातनी मंडळी छापील ग्रंथास शिवत नसत, म्हणून त्यांनी शाईत साजूक तूप घातले, असे सांगतात. ही हकीकत ध्यानात ठेविली, म्हणजे पेशवाईतील शास्त्रीबोवांच्या मांडीवर छापील पोथी ठेवणारा नेपथ्यकार एका वस्तूची चूक करीत नसून एका पिढीचा धर्मसंकोचच खोटा पाडीत आहे, हे वाचकांच्या सहज लक्षात येईल.

पुढील काळातही प्रत्येक पिढीच्या कागदाची खूण निराळी. जावजी दादाजींनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढिला व १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला; त्यांच्या खिळ्यांच्या सुबकपणाची ख्याती हिंदुस्थानभर पसरली. तथापि खिळा कितीही सुबक असला, तरी हाताने जुळविलेल्या पानात दोन खिळ्यांच्या सांध्याशी शिरोरेषेत केसाएवढी फट राहून जाई, शाई कोठे दाट तर कोठे विरळ बसे, आणि कागदाच्या पाठीवर दाबाचा उठाव बोटांस लागे. आजच्या यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पानावर यांतले काहीच नसते.

शुद्धलेखनाचीही साक्ष आहेच. १९६२ साली नवे नियम मान्य होईपर्यंत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मुलें’ असे अनुस्वार देण्याची रीत होती. मग १८९० चे म्हणून दाखविलेले वर्तमानपत्र अनुस्वारांवाचून कसे चालेल? १९३०-४० च्या दशकांतील प्रसंग असेल, तर सावरकरांच्या लिपिसुधारणेस अनुसरून ‘इ’, ‘उ’ यांऐवजी ‘अि’, ‘अु’ छापणारे एखादे मासिक मेजावर ठेविता येईल. आणि संगणकावर आयते मिळणारे ‘ल’ व ‘श’ पुष्कळदा हिंदी वळणाचे असतात. मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असे महाराष्ट्र शासनाला २००९ साली मुद्दाम आदेश काढून सांगावे लागले.

इतकी बारकाई करणे शक्य तरी आहे काय, असे कोणी विचारील. पाश्चात्य चित्रपटसृष्टीत तो आता स्वतंत्र व्यवसायच झाला आहे. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या २०१४ च्या चित्रपटासाठी अ‍ॅनी अ‍ॅटकिन्स या बाईंनी एका काल्पनिक देशाची वर्तमानपत्रे, पारपत्रे, मिठाईच्या पेट्या असे सारे कागद सजविले. त्या पेटीवरील एका शब्दात ‘टी’ हे अक्षर एक जादा पडल्याचे मागाहून ध्यानात आले, तेव्हा चित्रीकरण झालेल्या दृश्यांतून ते काढून टाकण्यात आले! जो देश नकाशावरच नाही त्याच्या कागदांविषयी इतकी आस्था. मग आपला इतिहास तर घडलेला आहे. शिवाय आपल्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे स्वतः छापखान्याच्या धंद्यातून आलेले. त्यांच्या वारसांनी अक्षराकडे काणाडोळा करावा, हे आम्हांस शोभत नाही.

मात्र केवळ नेपथ्यकाराला दोष देणे न्यायाचे होणार नाही. त्याने नमुना पाहावा तरी कोठे? खिळ्यांचे छापखाने मिटले आणि त्यांतील शिसे पुष्कळ ठिकाणी वितळून गेले. उरले ते छापील कागद, आणि त्यांतील फार मोठा भाग ग्रंथालयांत नसून आपल्या घरांतील माळ्यांवर व ट्रंकांत आहे. आजोबांचे पंचांग, आजींच्या व्रतकथांची पोथी, नाटकाची जाहिरात, मुंजीची निमंत्रणपत्रिका, किराण्याची छापील पावती यांचे मोल आपणांस वाटत नाही, म्हणून ते दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या तराजूत जातात.

तेव्हा आमची वाचकांस, विशेषतः घर आवरणाऱ्या भगिनींस, एवढीच विनंती आहे की, असा कागद हाती येताच त्यावरील साल पाहावे. पुस्तकावर व वर्तमानपत्रावर मुद्रकाचे नाव आणि स्थळ छापणे १८६७ च्या कायद्याने सक्तीचे केले होते. ती ओळ शोधून निराळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवावी. कागद दुमडू नये, त्यास चिकटपट्टी लावू नये, व वाळवी-ओलीपासून दूर, कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवावा. जवळपास जुने ग्रंथसंग्रहालय असेल, तर निदान एक छायाचित्र तेथे द्यावे. उद्या एखादा तरुण नाटककार १९२० सालचे घर रंगमंचावर उभे करू लागेल, तेव्हा भिंतीवर कोणते पंचांग टांगावे, हे त्याला तेथे पाहावयास मिळेल.