वाइनच्या लेबलवर सक्तीचं काय आणि हौसेचं काय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: बाटलीवर ‘रिझर्व’ लिहिलंय म्हणजे ती वाइन भारी असते का? उत्तर देतेच, पण ज्यांचं कायद्यानं प्यायचं वय झालेलं नाही त्यांनी हा भाग फक्त माहिती म्हणून ऐका.

लेबलवरचा मजकूर दोन प्रकारचा असतो. एक, जो छापावाच लागतो. दुसरा, छापला तर चालतो, पण मग काही अटी पाळाव्या लागतात. आपल्याकडे हे सगळं एफएसएसएआयच्या मद्यविषयक नियमांत येतं. हे नियम २०१८ चे, १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेले, नंतर त्यांत दुरुस्त्याही झाल्या. अल्कोहोलचं प्रमाण, आरोग्याचा आणि ‘पिऊन गाडी चालवू नका’चा इशारा, हे सगळं सक्तीचं. वाइनवर द्राक्षांच्या जातीही लिहायच्या, जी जास्त ती आधी. म्हणजे ‘कॅबर्ने शिराझ’ वाचलंत की कॅबर्ने जास्त, असं समजायचं.

आता ‘रिझर्व’. स्पेनमध्ये ‘रेसेर्वा’ला कायद्याचं वजन आहे: लाल वाइन किमान ३ वर्षं मुरलेली हवी, त्यातलं किमान १ वर्ष ओकच्या पिंपात. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मात्र ‘रिझर्व’ची व्याख्याच नाही, आणि आपल्या नियमांतही नाही. एखादी वाइनरी खरंच वेगळी काढलेली, निवडक वाइन त्या नावानं विकत असेल, नाही असं नाही. पण तो तिचा शब्द झाला, सरकारचा नव्हे. निव्वळ त्या एका शब्दासाठी मी तरी जादा पैसे मोजणार नाही.

द्राक्षाची जात आणि काढणीचं वर्ष यांचं तसं नाही. युरोपात या दोन्ही गोष्टी ऐच्छिक आहेत, पण वर्ष लिहिलं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्याच वर्षीची लागतात. एकाच जातीचं नाव लिहिलं तर तिथेही ८५ टक्केच. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण ११२ मिली दुसरं काही असलं तरी ते कायदेशीर! अमेरिकेत तर जातीसाठी ७५ टक्क्यांवर भागतं. नाशिक किंवा अकलूजची वाइन युरोपात विकायची, तर तिलाही तिथलाच हिशोब लागू.

खरी गंमत कॅलरीत आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर बनलेल्या वाइनवर युरोपात ऊर्जेचा आकडा छापावाच लागतो. घटक आणि बाकीचं पोषण क्यूआर कोडमागे ठेवता येतं. आपल्याकडे? ऊर्जेचा आकडा ऐच्छिक, आणि बाकी पोषणमाहिती छापायलाच मनाई. यामागचा विचार मला पटतो: दारू पौष्टिक वाटायला नको. आरोग्याचा दावा करायलाही म्हणूनच बंदी आहे. पण डाएटवर असलेल्या किंवा शुगर सांभाळणाऱ्या माणसाची यात पंचाईत होते. कॅम्पातल्या दुकानातून घेतलेल्या बाटलीत साखर किती ग्रॅम, हे त्याला लेबलवरून कळत नाही. ‘ड्राय’ लिहिलं असेल तर साखर कमी, एवढाच अंदाज.

कॅलरी मात्र स्वतः काढता येतात. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास घेतला तर त्यात १९.५ मिली अल्कोहोल. त्याला ०.७९ नं गुणलं की साधारण १५.४ ग्रॅम. एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे झाल्या जवळपास १०८. ड्राय वाइन असेल तर साखरेची भर किरकोळ, गोड असेल तर प्रत्येक ग्रॅम साखरेच्या ४ कॅलरी वर धरा. अख्ख्या बाटलीच्या नुसत्या अल्कोहोलच्याच ५३९ होतात.

पुढच्या वेळी बाटली हातात आली की आधी ती उलटी फिरवा. पुढचं लेबल मार्केटिंगवाल्यांचं, बारीक अक्षरांतलं बहुतेक सगळं मागे असतं. तिथे ‘सल्फाइट्स’ दिसलं तर घाबरू नका, वाइन टिकवायला ते जगभर वापरतात. दमा असलेल्यांपैकी काहींना मात्र त्याचा त्रास होतो, तेव्हा त्यांनी ती ओळ नक्की वाचावी.