चाकाकडून इंजिनाकडे

जुन्या जपानी गाडीच्या इंजिनबदलाची चर्चा बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यापासून सुरू होते, आणि बेत तिथेच बिघडतो. टोयोटाची एई८६ घ्या. १९८३ ते १९८७ या काळात कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रुएनो अशा दोन नावांनी जपानमध्ये विकली गेलेली ही गाडी. वजन साधारण साडेनऊशे किलो, ताकद मागच्या चाकांना, मागचा अ‍ॅक्सल अखंड. बॉनेटखाली १५८७ सीसीचं ४ए-जीई इंजिन, त्या काळच्या जपानी मोजणीने १३० पीएस. शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या १९९५ पासूनच्या मांगाने तिला घाटरस्त्यांची नायिका केलं. त्या कथेतही तिचं मूळ इंजिन निकामी होतं आणि शर्यतीचं इंजिन बसतं.

आज तिच्यासाठी सगळ्यात मोह घालणारा पर्याय म्हणजे होंडा एस२०००चं एफ२०सी. १९९७ सीसी, टर्बोशिवाय ८३०० आरपीएमला २५० पीएस, लांबीच्या दिशेने बसणारं, सोबत स्वतःचा सहा गिअरचा बॉक्स. कागदावर जोडी जमलेलीच दिसते.

आता हिशोब मागून मांडू. टोयोटाच्या टी५० गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.५८७ आणि इंजिनाचा टॉर्क १५.२ किलोग्रॅम-मीटर. गुणाकार केला की प्रॉपेलर शाफ्टवर साधारण ५४ येतात. होंडाचा पहिला गिअर ३.१३३, पण त्या बॉक्सच्या पोटात १.१६ची आणखी एक गिअरजोडी आहे. ती धरली नाही तर पुढचं सगळं गणित चुकतं. धरली की गुणोत्तर ३.६३ होतं आणि २२.२च्या टॉर्कने शाफ्टवर ऐंशी येतात. मूळचं ४.३चं क्राऊन-पिनियन ठेवलं तर पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर जवळपास पूर्वीचंच राहतं, त्यामुळे गाडी चालवायला छान लागेल. भार मात्र दीडपट झालेला असतो, आणि तो पेलायचा आहे चाळीस वर्षांच्या क्राऊन-पिनियनने, अ‍ॅक्सल शाफ्टने, क्लच झटकन सोडला त्या क्षणी. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी टायर, मग डिफरन्शियल, मग शाफ्ट, मग गिअरबॉक्स ठरवावा. इंजिन शेवटी. ब्रेक यात गृहीतच आहेत.

कोनाकडेही फार जण दुर्लक्ष करतात. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि पिनियन यांचे कोन जुळले नाहीत, तर युनिव्हर्सल जॉइंटमुळे दर फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो आणि सगळी गाडी थरथरते. हे माप गाडी जॅकवर असताना घेऊन उपयोग नाही, कारण अखंड अ‍ॅक्सल स्प्रिंगांसोबत वरखाली होतो. गाडी चाकांवर, पूर्ण वजनानिशी उभी हवी. इंजिन फाउंडेशन त्यानंतरच वेल्ड करावं.

मला स्वतःला दुसरी वाट जास्त पटते. १९९५च्या एई१११मधलं काळ्या टपाचं ४ए-जीई: दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, प्रत्येकाला वेगळं थ्रॉटल, १६५ पीएस. घराणं तेच, म्हणून टी५० थेट बसतो. कष्ट वेगळ्या जागी पडतात. हे इंजिन पुढच्या चाकांच्या गाडीत आडवं बसायचं. उभं फिरवलं की डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला भिडतो, पाण्याची वाट मागच्या अंगाला येते, ऑइल चेंबर आणि तेल ओढणारी नळी जुन्या इंजिनाची लावावी लागते. पण मागच्या अंगावर अचानक दीडपट भार पडत नाही.

जपानचा कायदाही मागे पाहतो. इंजिनाचा प्रकार बदलला की नोंदणीत बदल करावा लागतो, आणि मोठ्या फेरफारासाठी प्रॉपेलर शाफ्टच्या ताकदीचा हिशोब कागदावर द्यावा लागतो. वार्षिक करात मात्र १५८७ आणि १९९७ सीसी एकाच गटात, दीड ते दोन लिटरच्या, मोडतात.

जानेवारी २०२३च्या टोकियो ऑटो सलॉनमध्ये खुद्द टोयोटाने दोन बदललेल्या एई८६ मांडल्या. ट्रुएनोचं इंजिन हायड्रोजनवर चालणारं केलेलं, तर लेव्हिनमध्ये विजेची मोटर. मोटरला क्लच आणि गिअर लागत नाहीत, तरी लेव्हिनमध्ये हाताने बदलायचा गिअरबॉक्स त्यांनी ठेवला.