थंड खोलीचे दार आतून उघडते का?

माळशिरस, माढा, करमाळा हा पट्टा पूर्वी ज्वारीचा आणि नंतर उसाचा म्हणून ओळखला जाई. आता उजनी आणि नीरेच्या पाण्यावर केळीही आली आहे. कंदर भागातली केळी थेट आखाती देशांत आणि इराणला जाते. दूध तर आधीपासूनच होते. या सगळ्यामागोमाग आपल्या अकलूजच्या आसपास एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे माणूस चालत आत जाऊ शकेल एवढी मोठी थंड खोली. मेकॅनिक तिला ‘वॉक-इन’ म्हणतात, दुकानदार ‘कोल्ड रूम’. केळीच्या व्यापाऱ्याकडे, आइसक्रीमच्या एजन्सीत, मटण-चिकनच्या मोठ्या दुकानात, लग्नाच्या हॉलमागे, औषधाच्या होलसेलरकडे ती दिसते. सरकारी लसींच्या साठवणुकीतही अशाच खोल्या असतात.

आपल्या समाजाचा या खोल्यांशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. बागवान आणि कुरेशी बिरादरीचे मालक आहेत, आणि दहावी-बारावीनंतर कामाला लागलेली आपलीच मुले तिथे माल चढवतात, उतरवतात, किंवा एसी-फ्रीजची मेकॅनिकी करतात. म्हणून हा लेख मालकांसाठी जितका आहे तितकाच त्या मुलांच्या आई-वडिलांसाठी आहे. मुलगा कुठे कामाला जातो हे आपण विचारतो, पगार विचारतो. त्या खोलीचे दार आतून उघडते का, हे कोणी विचारत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. तो म्हणाला, “सर, कंपनीचं दार आतून उघडणारंच येतं. आम्ही बसवून देतो. महिन्याभराने गॅस बघायला जावं तर मालकानं बाहेरून कडी-कोयंडा ठोकलेला असतो.” मालकाचे म्हणणे खोटे नसते. आत लाखाचा माल असतो, रात्री चोरीची भीती असते. पण आतला दट्ट्या हा मूळ कुलपाची पकड सोडवण्यासाठी केलेला असतो. वेगळी कडी लावली, तिच्यात लोखंडी कुलूप अडकवले, की तो दट्ट्या कितीही दाबला तरी व्यर्थ. बाहेरून कुलूप असतानाही आतून उघडेल असे हँडल बाजारात मिळते, आणि कुलूप लावायचे असेल तर तेच घ्यावे. खोली मावेल अशा मोठ्या शेडच्या शटरला कुलूप लावणे हा दुसरा उपाय, पण मग शटर ओढण्यापूर्वी आत कोणी राहिले नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट वर्षानुवर्षे फिरते. मांसाच्या कारखान्यातली एक बाई शीतखोलीत अडकते, आणि रोज तिचा सलाम घेणारा पहारेकरी ‘आज बाई बाहेर पडल्या नाहीत’ म्हणून शोधत येतो. गोड गोष्ट आहे, सलामाचे महत्त्व सांगणारी आहे. मला मात्र ती वाचून प्रत्येक वेळी वाटते, की त्या कारखान्याने दाराला आतून दट्ट्या का लावला नव्हता? पहारेकरी रजेवर असता तर?

हे केवळ गोष्टीत घडत नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेतील लुईझियाना राज्यात, न्यू आयबेरिया या गावी, एका खाद्यगृहाच्या वॉक-इन फ्रीझरमध्ये तिथल्याच महिला व्यवस्थापकाचा मृतदेह सापडला. तिच्या मुलांनी कोर्टात केलेल्या दाव्यात म्हटले होते, की दाराची खिट्टी कित्येक महिने बिघडलेली होती आणि कर्मचारी स्क्रूड्रायव्हर वापरून काम चालवत होते. ज्या देशात नियमांचे इतके पुस्तकी कौतुक आहे तिथे ही गत, तर आपल्याकडे ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

दार अडकण्याचे आणखी एक कारण आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. बाहेर ३८ अंश, आत उणे १८. दार उघडले की गरम हवा आत घुसते. दार लावल्यावर ती झटकन थंड होते आणि आकसते. आतला दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा दाराला दाबून धरते. दाबात नुसता एक टक्का फरक पडला तरी तीन बाय सहा फुटांच्या दारावर दीडशे किलोहून जास्त भार येतो. कोवळ्या पोराने आतून ढकलून ते दार हलणार नाही. म्हणून फ्रीझरच्या भिंतीत दाब सारखा करणारी एक लहान झडप असते. तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून तिला गरम ठेवणारी तार असते. ती तार जळाली की झडप गोठते, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मेकॅनिक आला की त्याला ही झडप दाखवायला सांगा. त्याला तीच माहीत नसेल, तर मेकॅनिक बदला.

खोलीत एक घंटाही हवी. तिचे बटण आत, दाराजवळ, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचाही हात पोहोचेल इतके खाली असावे. घंटा वाजावी ती जिथे माणसे असतात तिथे, गोदामाच्या मागच्या भिंतीवर नाही. तिला बॅटरी असावी, कारण वीज गेल्यावरच तिची गरज जास्त. दट्ट्या अंधारात चमकणारा असावा.

उणे १८ अंशांत पंख्याच्या वाऱ्यात पातळ शर्ट आणि चपलेवर गेलेल्या माणसाची बोटे काही मिनिटांतच बधिर होऊ लागतात. पुढे हुडहुडी, मग जीभ जड होते, बोलणे अडखळते, झोप येऊ लागते. हुडहुडी थांबली आणि माणूस गप्प झाला, तर तो बरा झालेला नसतो, त्याची हालत जास्त बिघडलेली असते. अशा माणसाला बाहेर आणून ओले कपडे काढावेत, कोरड्या चादरी-घोंगडीत गुंडाळावे, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्यावा आणि दवाखाना गाठावा. हातपाय चोळू नयेत, शेकोटीजवळ धरू नये, अंगावर कढत पाणी ओतू नये. आपल्या घरांत चोळण्याची सवय फार, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता खोली बांधण्याकडे येऊ. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा करून खोली उभी केली की वर्षभरात सांधे उघडतात. काळी माती काढून मुरूम भरून, दाबून, मग काँक्रीट करावे. फ्रीझर असेल तर जमिनीखालीही थंडी रोखणारा थर लागतो. तो नसेल तर खालचा ओलावा गोठून फुगतो, फरशी वर उचलली जाते आणि दार वाकडे होते. वाकडे दार म्हणजे पुन्हा अडकणारे दार.

भिंती पफच्या पॅनेलच्या असतात, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम. थंड राखायला उत्तम, पण आगीत भयंकर. जळताना तो कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे जीवघेणे वायू सोडतो. दक्षिण कोरियातील इचॉन येथे ७ जानेवारी २००८ रोजी काम चालू असलेल्या शीतगोदामात आग लागली आणि ४० कामगार गेले. त्याच इचॉनमध्ये २९ एप्रिल २०२० रोजी बांधकाम चालू असलेल्या दुसऱ्या गोदामात ३८ गेले. म्हणून पॅनेल उभे राहिल्यावर त्याच्याजवळ वेल्डिंग करू देऊ नका. तांब्याच्या नळीचे जोड शक्यतो बाहेर व्हावेत. आत करावेच लागले तर दार उघडे, अग्निशामक हाताशी आणि दुसरा माणूस सोबत असावा.

मेकॅनिक असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट, आणि ती मी वर्गात ओरडून सांगावी तशी सांगतो. नळीत गळती आहे का हे पाहण्यासाठी दाब भरताना ऑक्सिजनचे सिलिंडर कधीही जोडू नका. वेल्डिंगचे सिलिंडर हाताशी असते, नायट्रोजनचे आणायला जावे लागते, म्हणून मोह होतो. पण कॉम्प्रेसरमध्ये तेल असते, आणि दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. दाब द्यायचा तो कोरड्या नायट्रोजननेच, आणि तोही रेग्युलेटर लावून.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. ओली फरशी, धातूच्या भिंती आणि अनवाणी पाय, एवढे जमल्यावर करंटला आणखी काय हवे? अर्थिंग स्वतंत्र आणि तपासलेले हवे, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवा, आतला दिवा ओलावा न घेणारा हवा. थ्री फेजपैकी एक फेज गेला तर मोटर जळते, त्यासाठी फेज प्रिव्हेंटर बसवावा. त्याचा खर्च कॉम्प्रेसरच्या मानाने चिल्लर आहे. फ्रीझरच्या दाराच्या चौकटीतही गरम तार असते. चौकटीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ‘थोडं करंट मारतंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका, त्याच क्षणी मेन स्विच पाडा.

देखभालीत आपली सर्वात महाग पडणारी समजूत म्हणजे ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो’. गॅस म्हणजे गाडीतले पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. कमी झाला याचा अर्थ तो गळतो आहे. जोडाजवळ तेलाचा डाग दिसतो, साबणाच्या फेसाला बुडबुडे येतात. गळती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक पुढच्या वर्षीचे बिल आजच लिहीत असतो. शिवाय हे बहुतेक गॅस हवेहून जड असतात. बंद खोलीत साठले की श्वासाला हवा उरत नाही. काही नवे गॅस तर पेट घेणारे असतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय ज्योत पेटवू नये.

बाहेरचे कंडेन्सर सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवावे. आपल्याकडे पाचट जाळल्यावर राख उडते, रस्त्याची धूळ आहेच. जाळी त्याने भरली की मशीन तापते आणि बिल चढते. महिन्यातून एकदा वीज बंद करून मऊ ब्रशने ती साफ करावी. आतल्या कॉइलवर बर्फ साचला तर स्क्रूड्रायव्हर किंवा सुरीने फोडू नये, नळीला भोक पडते. मशीन बंद करून बर्फ वितळू द्यावा आणि तो साचला का ते शोधावे. बहुधा दाराचे रबर गेलेले असते. रबर तपासायला साधा कागद पुरतो. दारात धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर बदलायचे. फरशीवर ओघळून गोठलेल्या पाण्यावर पाय घसरून हाड मोडण्याचे प्रकार तर नेहमीचे, तिथे मिठाचा खडा टाकून भागत नाही, ओघळ बंद करावा लागतो.

केळीच्या खोलीचा प्रकार वेगळा. केळी १३-१४ अंशांवर राहते. त्याहून थंड केली की साल काळवंडते आणि ती नीट पिकत नाही. पिकवण्यासाठी इथिलीन वायू देतात. कॅल्शियम कार्बाइडला कायद्याने बंदी आहे, इथिलीनला दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे. एवढ्याने धोका नाही. पण सिलिंडर गळून खोलीत हे प्रमाण २.७ टक्क्यांवर गेले, तर एका ठिणगीने स्फोट होतो. त्याशिवाय पिकणारे फळ स्वतः श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. रात्रभर बंद राहिलेल्या खोलीत सकाळी थेट घुसू नये. दार उघडून पंखा लावावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे. रमजानमध्ये इफ्तारसाठी केळीचा उठाव वाढतो, घाई असते, आणि नेमके हेच विसरले जाते. सुक्या बर्फालाही हाच नियम आहे. एक किलो सुका बर्फ उडून पाचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. तो बंद खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नये.

बकरीदला सगळ्याच थंड खोल्यांवर ताण येतो. नुकत्याच जबह केलेल्या जनावराचे मांस जवळजवळ ३८-३९ अंशांचे असते. ते पिशव्यांत कोंबून ढीग लावला तर वरचे थंड होते आणि ढिगाच्या पोटातले तासन्‌तास कोमट राहून बिघडते. हवा खेळेल असे टांगावे किंवा पसरावे, भिंतीपासून आणि पंख्यापासून अंतर ठेवावे. लगेच गोठवूही नये. पहिल्या काही तासांत फार थंड केलेले मटण आकसून चिवट होते. आधी थंड करावे, मग फ्रीझरला लावावे. थंड अन्न ५ अंशांवर किंवा त्याखाली, गोठवलेले उणे १८ वर, हा नियम. वीज गेली तर दार उघडून बघत बसू नका, बाहेरचा थर्मामीटर वाचा.

मोठ्या दूध प्रकल्पांत आणि बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असतो. त्याचा उग्र वास आला तर ओले फडके नाकाला लावून वाऱ्याला आडवे चालत दूर जावे. वारा जिकडे वाहतो तिकडे धावू नये.

आता एक काम. आपल्या दुकानांत जुम्म्याच्या नमाजची घाई असते, रमजानमध्ये इफ्तारची. अजान झाली की दारे लागतात आणि शटर ओढले जाते. आतल्या खोलीत शेवटचा क्रेट लावणारा पोरगा अशाच वेळी राहतो. या शुक्रवारी नमाजच्या अर्धा तास आधी मालकाने स्वतः जाड कपडे घालून आत जावे. बाहेर एक भरवशाचा माणूस हँडलला हात लावून उभा असावा. दार लावावे, दिवा बंद करावा, आणि अंधारात दट्ट्या शोधून बाहेर यावे. मग घंटा वाजवून बघावी, ती काउंटरवर ऐकू येते का. जे चालले नाही ते कागदावर लिहून त्याच दिवशी मेकॅनिकला फोन करावा, आणि तो येईपर्यंत दाराला फळी लावून ते उघडे ठेवल्याशिवाय कोणालाही आत पाठवू नये.