अ‍ॅसिडचा कॅन आधी खाली ठेवा

पावसाळा सरला की इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर काळे ओघळ, पांढरे पोपडे, तांबूस ठसे दिसू लागतात. मग कोणीतरी हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅसिड घेऊन येतं.

गैरसमज : अ‍ॅसिडने कुठलाही डाग निघतो.

वस्तुस्थिती : दुकानातलं अ‍ॅसिड बहुधा हायड्रोक्लोरिक असतं आणि ते चुना व सिमेंट खातं. विटांमधल्या दर्जा भुसभुशीत होतात. शिवाय चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड हा विरघळणारा क्षार तयार होतो आणि भिंतीतच मुरतो, म्हणजे पुढच्या डागाची सोय आपणच केली. काळ्या पाषाणाला अ‍ॅसिड फारसं बाधत नाही, पण त्याच्या दर्जांना बाधतं. मुंबईच्या फोर्ट भागातल्या जुन्या इमारतींवर जिथे पोरबंदरच्या चुनखडीचं कोरीवकाम आहे, तिथे तर दगडच विरघळेल.

गैरसमज : पांढरी भुकटी म्हणजे बुरशी, धुतली की जाते.

वस्तुस्थिती : हा बहुधा लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन सुकतं आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवतं. चिमूटभर भुकटी पाण्यात विरघळली तर क्षारच समजा. धुतल्याने ते पुन्हा आत शिरतात आणि भिंत वाळली की परत फुलतात. म्हणून कोरड्या हवेत, कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि खाली पडलेलं गोळा करा. नव्या बांधकामावरचा लोणा हळूहळू कमी होतो. जुन्या भिंतीवर दरवर्षी येत असेल तर तुंबलेली पन्हळ, फुटका पाइप किंवा जोत्यातून चढणारी ओल शोधावी लागते.

काळे ओघळ सगळे धुराचे नसतात. पाणी वाहतं तिथे शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढतात, कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर तर हमखास. त्यांवर जेट पंपाचा जोरदार फवारा मारू नये. हवेत टणक झालेली चिऱ्याची साल निघते आणि उघड्या पडलेल्या छिद्रांत शेवाळ आणखी छान धरतं. नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुष्कळ काम करतं. तारेचा ब्रश नको, त्याचे अडकलेले कण गंजून नवे ठिपके देतात. ब्लीच वापरायचंच असेल तर अ‍ॅसिडजवळही नेऊ नका, दोन्हींतून विषारी क्लोरिन निघतो.

गंजाचे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघतात, पण स्लॅबमधून उतरलेला ओघळ असेल तर आतली सळई गंजली आहे. तो डाग सफाईवाल्याचा नव्हे, इंजिनिअरचा विषय.

वॉटरप्रूफ रंग मारून सगळं झाकण्याची कल्पना लोकप्रिय आहे. ओल्या भिंतीवर मारलेला रंग ओल आत कोंडतो आणि फुगे येऊन सुटतो.

पानाच्या पिचकाऱ्या ताज्या असताना पाण्याने निघतात. मुरलेल्यांसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिनीमातीचा लेप लावतात. तो आधी वीतभर जागेवर लावून पाहा आणि भिंत पूर्ण वाळल्यावरच ठरवा, कारण ओली भिंत काही काळ स्वच्छच वाटते.