जुने विमान घेताना

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील विचिटा या शहराला तेथील लोक ‘विमानांची राजधानी’ म्हणतात. क्लाइड सेस्ना आणि वॉल्टर बीच यांनी लॉइड स्टिअरमन यांच्यासह १९२५ साली येथे ‘ट्रॅव्हल एअर’ ही कंपनी काढली. पुढे भागीदारी तुटली, दोघांनी आपापल्या नावाने स्वतंत्र कारखाने उभारले आणि अनेक दशके एकमेकांशी स्पर्धा केली. काळाचा महिमा असा, की २०१४ पासून सेस्ना आणि बीचक्राफ्ट ही दोन्ही नावे टेक्स्ट्रॉन या एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली पुन्हा एकत्र नांदत आहेत. वापरलेल्या छोट्या विमानांच्या बाजारात आजही यांचीच चलती आहे. बीचक्राफ्टचे ‘किंग एअर’ १९६४ मध्ये बाजारात आले, तर सेस्नाचे पहिले ‘सायटेशन’ जेट १९७२ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागले.

किंग एअर हे टर्बोप्रॉप विमान होय. त्याचे इंजिन जेटच्याच कुळातले, परंतु ते पंखा फिरवून विमान ओढते. ताशी सुमारे ५२० किलोमीटरचा वेग, आखूड धावपट्टीवरही उतरण्याची क्षमता आणि दणकट बांधणी हे त्याचे गुण. छोट्या सायटेशन जेटचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास. वाचताना हा फरक मोठा वाटतो. मात्र सहाशे किलोमीटरच्या प्रवासात तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा उरतो. उद्योजकाचा प्रवास बहुधा याच टप्प्यातला असल्यामुळे जाणकार मंडळी ग्राहकाला प्रथम विचारतात, ‘आपण वर्षातून किती वेळा, कोठे आणि किती माणसांसह जाता?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाले की अर्धी निवड आपोआप होते. वर्षातून एकदा करावयाच्या लांबच्या सहलीसाठी मोठे विमान घेणे म्हणजे लग्नसराईतील चार दिवसांसाठी मंगल कार्यालयच विकत घेण्यासारखे आहे.

चाळीस वर्षांपूर्वीचे सुस्थितीतील किंग एअर नव्या विमानाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात मिळू शकते. येथेच ग्राहकाचे मन विरघळते. पण स्वस्त झाली ती केवळ खरेदीची किंमत. इंधन, सुटे भाग, कारागिरांची मजुरी, विमा आणि हँगरचे भाडे यांना विमानाचे वय ठाऊक नसते. किंबहुना जुन्या विमानाला मजुरी अधिकच लागते. दारी हत्ती झुलावा असे अनेकांना वाटते. चाऱ्याचा हिशेब नंतर मांडला जातो.

त्या हिशेबातील सर्वांत मोठी रक्कम असते इंजिनाची. किंग एअरच्या बहुतेक मॉडेलांना कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे पीटी-६ इंजिन असते. ते सर्वसाधारणपणे ३,६०० तास चालल्यावर पूर्ण उघडून नव्याने बांधावे, अशी उत्पादकाची शिफारस आहे. त्याच्या मध्यावर, सुमारे १,८०० तासांनी, त्याच्या तप्त भागाची स्वतंत्र तपासणी होते. खासगी वापरात अमेरिकेतील नियम या ३,६०० तासांच्या बाबतीत काहीसे सैल आहेत; परंतु इंजिनातील फिरत्या चकत्यांची आयुर्मर्यादा मात्र सक्तीची असते. शिवाय मर्यादा ओलांडलेले इंजिन पुढचा ग्राहक त्याच भावात घेत नाही.

केवळ हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. एका विमानाची किंमत १२ लाख डॉलर असून त्याच्या दोन्ही इंजिनांचे ३,३०० तास संपले आहेत. दुसऱ्याची किंमत १७ लाख डॉलर, पण त्याच्या इंजिनांचे ३०० तासच झाले आहेत. बाकी सर्व बाबी समान धरू. एका इंजिनाच्या पुनर्बांधणीस ४ लाख डॉलर लागतात असे मानल्यास दर तासाला प्रत्येक इंजिन सुमारे १११ डॉलर ‘खाते’. दोन विमानांतील अंतर ३,००० तासांचे, म्हणजे एका इंजिनामागे ३ लाख ३३ हजार आणि दोहोंचे मिळून ६ लाख ६७ हजार डॉलर. स्वस्त दिसणारे विमान अशा रीतीने १८ लाख ६७ हजारांना पडते. वर्षाला दीडशे तास उड्डाण केल्यास दोनच वर्षांत ८ लाख डॉलरचे बिल दारात उभे राहते. ज्या मालकाने पहिल्या दिवसापासून तासाला २२२ डॉलर बाजूला काढले, त्याच्यासाठी ते बिल म्हणजे मुदत ठेवीची परिपक्वता. ज्याने काढले नाहीत, त्याला घरदार गहाण टाकावे लागते.

हा राखीव निधी स्वतः उभारण्याऐवजी उत्पादकाच्या किंवा अन्य संस्थेच्या तासागणिक योजनेत भरण्याची सोयही आहे. जेट विमानांच्या बाबतीत ही योजना जवळजवळ रूढच झाली आहे. खरेदी करताना मागील मालकाने हप्ते थकविले आहेत काय, योजना नव्या मालकाच्या नावे होते काय, हे लेखी विचारून घ्यावे लागते. योजनेबाहेरचे अर्धे आयुष्य सरलेले इंजिन आत आणायचे, तर मागील तासांचे पैसे एकरकमी मोजावे लागतात.

विमान उडो वा न उडो, काही खर्च थांबत नाहीत. दिशादर्शन यंत्रणेतील माहिती दर २८ दिवसांनी अद्ययावत करावी लागते. किंग एअरची चाकांची यंत्रणा तास कमी भरले तरी ठरावीक वर्षांनी उघडून दुरुस्त करावी लागते. पंख धडाला जोडणारे बोल्ट दर पाच वर्षांनी तपासून पंधरा वर्षांनी बदलावे लागतात. हँगरमध्ये नुसते उभे राहिलेले विमान गंजते, रबरी सील कोरडे पडतात. म्हणून ‘फारच कमी उडालेले’ या जाहिरातीतील शब्दांवर भाळू नये. आठवड्यातून दोनदा उडणारे विमान अनेकदा अधिक निरोगी निघते.

सौद्याची रीत आपल्याकडील जमीनखरेदीशी बरीच जुळते. प्रथम इरादापत्र, मग करारनामा, मग इसार. इसाराची रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता त्रयस्थ एस्क्रो संस्थेकडे ठेवली जाते. त्यानंतर खरेदीपूर्व तपासणी. ही तपासणी ज्या कार्यशाळेने ते विमान आजवर सांभाळले तिच्याकडे देणे इष्ट नव्हे. आपणच लिहिलेल्या हिशेबाचे लेखापरीक्षण आपणच करण्यासारखे ते होते. तपासनीस इंजिनात बारीक कॅमेरा सोडून पाती पाहतो, फरशीखालचा गंज पाहतो आणि सर्वांत जास्त वेळ कागदांवर घालवतो. विमानाच्या नोंदवह्या पहिल्या दिवसापासून सलग हव्यात. एक वही हरवली तरी किमतीत लक्षणीय घट होते, कारण नोंद नसलेली दुरुस्ती झालीच नाही असे धरावे लागते. जुन्या अपघाताची नोंद, सरकारी सुरक्षा-आदेशांची पूर्तता, नवी उपकरणे बसविल्याचे दाखले हे सारे तेथेच सापडते. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतील बहुतांश महत्त्वाच्या हवाई क्षेत्रांत विमानाने आपले स्थान स्वतःहून प्रसारित करणे बंधनकारक झाले. ते उपकरण न बसविलेले विमान स्वस्त मिळते, पण बसविण्याचा खर्च अखेर ग्राहकाच्याच माथी येतो.

तपासणी समाधानकारक वाटल्यास ग्राहक लेखी स्वीकृती देतो आणि तेथून बहुधा इसार परत मिळत नाही. उड्डाणयोग्यतेच्या आड येणारे दोष विक्रेत्याने स्वखर्चाने दूर करावेत, असे करारात आधीच नमूद असावे.

मग येतो मालकीहक्काचा प्रश्न. अमेरिकेतील सर्व नागरी विमानांची नोंद ओक्लाहोमा सिटी येथील सरकारी कार्यालयात होते. परंतु तेथील नोंदणी प्रमाणपत्र हा मालकीचा पुरावा नव्हे, असे कायदाच सांगतो. सातबारावर नाव लागले म्हणजे सर्व झाले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. विमानावर बँकेचा बोजा असू शकतो, बिल न मिळालेल्या कार्यशाळेचा हक्क असू शकतो. म्हणून मागील सर्व दस्तांचा शोध घेतला जातो. याशिवाय केपटाऊन येथे २००१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार डब्लिन येथून चालणारी एक नोंदवही आहे. तिच्यात ठरावीक क्षमतेवरील विमान आणि त्याची इंजिने यांवरील हक्क स्वतंत्रपणे नोंदले जातात. हे स्वातंत्र्य महत्त्वाचे आहे, कारण पंखाखाली लटकणारे इंजिन कधी कधी भाड्याचे असते! भारतानेही २००८ मध्ये या करारात प्रवेश केला आणि २०२५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

कागद निर्दोष, इंजिन उत्तम, आणि तरीही पैसा बुडावा, असा प्रकार ‘एक्लिप्स ५००’ या विमानाच्या बाबतीत घडला. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे एका नव्या कंपनीने दोन इंजिनांचे अगदी छोटे जेट बांधावयास घेतले. प्रारंभी जाहीर झालेली किंमत दहा लाख डॉलरच्याही आत होती. संगणक उद्योगाप्रमाणे मोठ्या संख्येने उत्पादन करून भाव खाली आणावा, अशी कल्पना होती. अमेरिकेतील प्रतिष्ठेचा कॉलिअर करंडक या प्रकल्पाला मिळाला. शेकडो लोकांनी आगाऊ रकमा भरल्या. फ्लोरिडातील एका हवाई टॅक्सी कंपनीने मोठी मागणी नोंदविली. २००६ मध्ये विमानाला मान्यता मिळाली, किंमत मात्र वाढत गेली. २००८ च्या सप्टेंबरात ती टॅक्सी कंपनी थांबली आणि नोव्हेंबरात विमान कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर सुमारे २६० विमाने तयार झाली होती. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते ते कायद्याने विनातारण धनको ठरले, म्हणजे रांगेत अखेरचे. ज्यांच्या हाती विमान आले होते त्यांचे हाल वेगळे: विमान चांगले उडत होते, पण सुटे भाग आणि सुधारणा देणारा वाली उरला नव्हता. पुढे नव्या मालकांनी कारभार हाती घेतला, पण २०१८ मध्ये पुन्हा दिवाळखोरी झाली. आज ही विमाने तुलनेने कमी किमतीत मिळतात. ती घेणाऱ्याने विमानाबरोबर त्याच्या उत्पादकाचाही ताळेबंद वाचला पाहिजे. किंग एअर आणि सायटेशन यांचा भाव टिकून राहण्यामागे त्यांची हजारोंची संख्या आणि जागोजागी असलेले कारागीर हेच खरे कारण आहे.

पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. छोट्या जेटपैकी अनेकांना एकच वैमानिक पुरेसा असल्याची मान्यता आहे आणि मालक स्वतःच वैमानिक असणे अमेरिकेत नवलाचे नाही. ८ डिसेंबर २०१४ रोजी मेरिलँड राज्यातील गेदर्सबर्ग येथे असेच एक छोटे फेनम १०० जेट उतरताना एका घरावर कोसळले. विमानातील तिघे आणि त्या घरातील एक माता व तिची दोन मुले मरण पावली. पंख आणि शेपटीवरील बर्फ झाडणारी यंत्रणा चालूच केली नव्हती आणि वेग त्या परिस्थितीला पुरेसा नव्हता, असा निष्कर्ष सरकारी तपासाने काढला. विमान व्यवस्थित होते, यंत्रणाही बसविलेली होती. विमा कंपन्या दरवर्षी सिम्युलेटरवर प्रशिक्षणाचा आग्रह का धरतात, हे अशा घटनांवरून उमगते. मालकाने सत्तरी ओलांडली असेल तर एकट्याने उडविण्याचा विमा मिळणे कठीण होते आणि पगारी वैमानिक ठेवावा लागतो. त्याचा पगार पहिल्याच दिवशी खर्चाच्या यादीत लिहिलेला बरा.

करसवलत हे अमेरिकेत अशा खरेदीमागील मोठे आकर्षण असते. २०१७ च्या कायद्याने वापरलेल्या मालमत्तेवरही पहिल्याच वर्षी संपूर्ण घसारा घेण्याची मुभा दिली. २०२३ पासून ती उतरू लागली होती, पण १९ जानेवारी २०२५ नंतरच्या खरेदीसाठी ती पुन्हा पूर्ण करण्यात आली. अट एवढीच, की निम्म्याहून अधिक वापर व्यवसायासाठी असावा आणि त्याची नोंद ठेवलेली असावी. पुढे विमान विकताना हा घसारा उत्पन्न म्हणून परत करपात्र ठरतो. दलाल हे वाक्य सहसा घाईने उच्चारतात.

भारतात चित्र वेगळे आहे. विमान आणण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते आणि आयात करावयाच्या विमानाच्या वयावरही मर्यादा आहे. त्यामुळे अमेरिकेत सर्रास विकली जाणारी चाळीस वर्षांची विमाने येथे विचारातच घेता येत नाहीत. वैयक्तिक वापराच्या विमानावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला, तर व्यावसायिक परवान्याखालील विमानाला ५ टक्के लागतो. साहजिकच अनेक उद्योगसमूह परवानाधारक कंपनीच्या नावे विमान ठेवतात आणि स्वतःच्या प्रवासासाठीही रीतसर बिल भरतात. मुंबई विमानतळावर गर्दीच्या वेळी खासगी विमानांना उतरण्यास मर्यादा आहेत. वर्षाला पन्नास-साठ तासांपेक्षा जास्त उड्डाण ज्यांना नको असते, ते परवानाधारकाचे विमान तासाच्या दराने भाड्याने घेतात आणि इंजिनाचे तास मोजण्याचे काम त्याच्याकडेच राहू देतात.