धाग्यात शिरणारा रंग

परिटाकडे कपडे टाकण्याची चाल ज्या घरांत होती, त्या घरांतील एखादा जुना सदरा सापडला तर त्याची गळपट्टी उलटून पाहा. तेथे दोन रेघा किंवा एखादा टिंब, अशी काळीभोर खूण बहुधा दिसेल. परीट बिब्ब्याच्या फळाला काडी टोचून तिच्या टोकावर येणाऱ्या रसाने ती खूण करी आणि तीवर चुना लावी. चुन्याच्या योगाने रस काळा पडे आणि मग भट्टीतील वाफ, सोडा व दगडावरची आपटणी यांपैकी कशालाही तो दाद देत नसे. सदरा विरून जाई, पण खूण राही. रस मात्र जपून वापरावा लागे. ज्याच्या अंगावर बिब्बा उतला आहे त्याला याचे कारण सांगावयास नको.

आज कपड्यावरच्या खुणा निराळ्या रीतीने होतात. खेळाडूच्या पाठीवरील आकडा, शाळेचे बोधचिन्ह किंवा गळ्याच्या आत छापलेले कारखानदाराचे नाव यांवरून बोट फिरवून पाहा. कित्येकदा बोटाला काहीच लागत नाही. शिवण नाही, ठिगळ नाही, रंगाचा थरही नाही. मग तो आकडा कापडावर राहिला तरी कसा?

याचे उत्तर देवघरातील कापराच्या डबीत सापडते. कापराची वडी उघडी ठेवली की ती दिवसेंदिवस झिजत जाते आणि अखेर नाहीशी होते. तथापि तिच्याखाली पाण्याचा थेंबही दिसत नाही. कापूर वितळत नाही, तो घनरूपातून थेट वायुरूपात जातो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. कपाटातील डांबराच्या गोळ्यांचेही असेच होते. काही रंगांच्या अंगीही हा गुण आहे. मात्र त्यांना कापरापेक्षा पुष्कळच अधिक उष्णता लागते.

हे रंग ज्या धाग्यासाठी उपयोगी पडतात तो धागाही साधा नव्हे. इंग्लंडमध्ये १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. हा धागा मजबूत खरा, पण पाण्याशी त्याचे सख्य नाही. सुती कापड रंगाऱ्याच्या कढईत रंगाचे पाणी पिऊन घेते. पॉलिएस्टर ते अंगाला लागू देत नाही. त्यासाठी पाण्यात जवळजवळ न विरघळणारे, डिस्पर्स नावाचे रंग वापरावे लागतात. पुढे १९५७ साली फ्रान्समधील रूबे या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी काम करणाऱ्या नोएल द प्लास या संशोधकाच्या ध्यानात आले की, यांपैकी काही रंग तापवले असता वायुरूप होऊन कागदावरून कापडावर जातात. आजच्या छपाईचा पाया तोच.

प्रत्यक्ष कृती पाहावयास मिळाली तर अवश्य पाहावी. प्रथम कागदावर चित्र छापतात, आणि तेही आरशात दिसावे तसे उलटे. कागदावर ते इतके मळकट दिसते की, ‘हेच का ते?’ असा प्रश्न पडावा. तो कागद कापडावर पालथा ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या पत्र्याखाली अर्धा ते एक मिनिट दाबून धरतात. एवढ्या उष्णतेत दोन गोष्टी एकदम घडतात. रंग वायुरूप होतो. आणि एरवी घट्ट बिलगून असलेल्या पॉलिएस्टरच्या अणुसाखळ्या सैल होतात. त्या फटींतून रंग धाग्याच्या आत शिरतो. दाब काढला, कापड निवाले, की साखळ्या पुन्हा आवळतात आणि रंग आत कोंडला जातो. कागद सोलून काढताच तेच मळकट चित्र लखलखीत होऊन समोर येते. कागद गरम असताना जरासा जरी सरकला, तरी चित्राला दुसरी पुसट सावली पडते. म्हणून कारागीर त्या वेळी श्वास रोखून काम करतो.

या रंगांत पांढरा रंग नाही. चित्रात जेथे पांढरे हवे तेथे कापडच पांढरे असावे लागते. म्हणून काळ्या किंवा गडद निळ्या कापडावर ही छपाई दिसत नाही. तेथे रबरासारख्या पातळ थराचे आकडे उष्णतेने चिकटवतात. ते हाताला लागतात आणि काही काळाने त्यांना भेगाही पडतात.

सुती कापडाचे काय? मी मुख्याध्यापक असताना, २०१४ साली, आमच्या खो-खोच्या मुलींसाठी वर्गणी गोळा करून पांढऱ्या सुती जर्सी घेतल्या आणि एका छापणाऱ्याकडून त्यांवर याच पद्धतीने नावे व आकडे उमटवून घेतले. पहिल्या दिवशी मुली हरखून गेल्या. तिसऱ्या धुण्यानंतर आकड्यांचे केवळ डाग उरले. दोष साबणाचा नव्हता. कापसाच्या धाग्यात हा रंग शिरतच नाही. तो नुसता वर बसतो आणि धुताना निघून जातो. ही साधी गोष्ट छापणाऱ्याने सांगावयास हवी होती, आणि मीही विचारावयास हवी होती. ज्या मुलीने आपला वाटा म्हणून आठ दिवसांचे खाऊचे पैसे दिले होते, तिच्या पाठीवर नाव उरले नव्हते, हे मला अजून बोचते.

दुसऱ्या वर्षी पॉलिएस्टरच्या जर्सी घेतल्या. आकडे पक्के राहिले. पण वैशाखातील सरावात मुली घामाने बेजार झाल्या. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. जो धागा पाण्याला आत येऊ देत नाही म्हणून रंग राखतो, तोच त्याच कारणाने घाम टिपत नाही. अर्धा कापूस व अर्धा पॉलिएस्टर असे मिश्र कापड घेतले तर घाम बरा टिपला जातो. पण रंग केवळ अर्ध्या धाग्यांना लागतो आणि चित्र फिकट दिसते.

कापड कोणते, हे चिठ्ठीवर विसंबून न राहता ओळखता येते. शिवणीतील एक धागा काढावा आणि वडील माणसांच्या देखत, चिमट्यात धरून पेटवावा. कापूस कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर टोकाला टणक मणी राहतो.

रंग धाग्यात शिरला म्हणजे तो कायमचा बंदिस्त झाला, असे मात्र समजू नये. लाल पॉलिएस्टरच्या सदऱ्यावर पांढरा आकडा फार कडक उष्णतेने चिकटवला, तर काही दिवसांत तो गुलाबी होतो. कारण सदऱ्याचा लाल रंगही त्याच जातीचा असतो आणि तापताच तो वर चढू लागतो. यावर उपाय म्हणून काही आकड्यांच्या थरात कोळशाची सूक्ष्म पूड घालतात. वर येणारा रंग ती पूड शोषून घेते.

इस्त्रीचेही तसेच आहे. छापलेली जर्सी उलटी करून मंद इस्त्रीने फिरवावी. इस्त्री अतिशय तापलेली असली आणि खाली पॉलिएस्टरचे फडके अंथरलेले असले, तर ते फडके उचलून पाहा : त्यावर तुमच्या संघाचे नाव उलट्या अक्षरांत उतरलेले असेल.